बिनखताचा वाफा

"रिकरंट डिप्रेशन," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आधी कागदावर लिहिलं, मग माझ्याकडं बघितलं. "रिकरंट म्हणजे परत परत येणारं. डिप्रेशन म्हणजे मन खाली बसणं. हा तुमचा आळस नाही, वेड नाही आणि कुणी काही केलेलंही नाही. तुम्हाला हे तिसऱ्यांदा आलंय, म्हणून त्याला हे नाव."

औरंगाबादच्या मोठ्या सरकारी दवाखान्यातल्या त्या बाकावर बसून मी फक्त एवढंच ऐकलं, की परत येणारं. तीनदा आलं म्हणजे चौथ्यांदाही येणार. मी नवऱ्याला म्हटलं, "ऐकलं का, परत येणार म्हणे." ते म्हणाले, "आत्ताचं तर जाऊ दे पहिलं."

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमचं घर बदनापूरला, शाळा तिथून तीन मैलांवर. चाळीस पोरांना एका आवाजात गप्प करणारी बाई आहे मी, आणि बोलायलाही तिखट आहे, हे आधीच सांगून टाकते. ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांच्यासाठी लिहून राह्यले, तेव्हा गोड बोलून उपयोग नाही.

पहिल्यांदा हे आलं ते आमच्या उजीच्या बाळंतपणानंतर. दुसऱ्यांदा बहात्तरच्या दुष्काळात. तिसऱ्यांदा त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात. येण्याची रीत ठरलेली होती. आधी पहाटे चारला जाग यायची. मग भाकरी मातीसारखी लागायची. मग आंघोळ म्हणजे डोंगर वाटायचा, आणि शेवटी दोन दोन दिवस वेणी न घालता मी भिंतीकडं तोंड करून पडलेली असायची. सासूबाईंनी छप्पन्न साली धम्म घेतला तेव्हा घरातले देव नदीत सोडले होते, त्यामुळं देवऋषाचा विषय आमच्याकडं निघाला नाही. पण "हिला काम कमी पडून राह्यलं" एवढं त्या म्हणायच्याच.

तिसऱ्या वेळी उजीला माझ्या माहेरी आष्टीला पाठवावं लागलं. तीन महिने पोर तिकडं होती. परत आली तेव्हा माझ्या भावजयीला आई म्हणत होती, आणि मला बाई. शाळेतली पोरं म्हणतात तसं, बाई. पाच वर्षांच्या लेकरानं दारातून आत यायच्या आधी विचारलं, "बाई, मी आत येऊ?"

चौथ्यांदा आजार आला तर उजी परत आष्टीला जाणार आणि ह्या वेळी ती माझी राहणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. मला दुसरी कसली भीती नव्हती.

तर त्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या चालू केल्या. अमिट्रिप्टिलिन नाव. मेंदूत जे रसायन कमी पडतं ते टिकवून धरायचं तिचं काम, असं त्यांनी सांगितलं. पहिल्या आठवड्यात फक्त त्रासच झाला. तोंड कोरडं पडायचं, पोट साफ होईना, आणि उठताना डोळ्यांपुढं अंधारी यायची. गुण तिसऱ्या आठवड्यानंतर दिसायला लागला. होळीपर्यंत मी शाळेत रुजू झाले होते आणि उजीची वेणी घालत होते. तिनं मला आई म्हणायला आणखी एक महिना घेतला.

मग एक दिवस डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही बऱ्या झालात. आता गोळी कधी थांबवायची, हे आम्हालाच पक्कं माहीत नाही."

डॉक्टरच्या तोंडून मी असं वाक्य कधी ऐकलं नव्हतं.

त्यांनी समजावून सांगितलं. बरे झालेले लोक गोळी घेत राहिले तर आजार परत यायचा थांबतो का, हे त्या बघत होत्या. त्यासाठी अर्ध्या लोकांना खरी गोळी द्यायची आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली. तिला प्लासिबो म्हणतात, म्हणजे कोरी गोळी. कुणाला कोणती मिळते हे रोग्याला माहीत नसतं आणि डॉक्टरलाही नसतं. बाटलीवर फक्त नंबर. उत्तर बंद पाकिटात, मोठ्या डॉक्टरांच्या कपाटात. "तुम्ही नको म्हणालात तरी तुमचा उपचार चालूच राहील," त्या म्हणाल्या. "हो म्हणालात तर एकच अट. जरा जरी खाली जायला लागलात तर लगेच मला सांगायचं. त्याच दिवशी पाकीट उघडून औषध चालू करता येतं."

मी हो म्हटलं. ज्यांना सगळं माहीत आहे अशा माणसांनी मला जन्मभर काय करायचं ते सांगितलं होतं. ही पहिली बाई भेटली जी म्हणत होती, मला माहीत नाही, तुमच्याकडून कळेल. मला त्याचा फार अभिमान वाटला.

माझे मिस्टर, दादाराव, सरकारी शेती फार्मवर नोकरीला आहेत. वाफे आखणं, दोरी धरणं, कणसं मोजून वहीत लिहिणं हे त्यांचं काम. त्यामुळं जे मला समजायला अर्धा तास लागला ते त्यांना लगेच समजलं. परतीच्या पॅसेंजरमध्ये खुशीत येऊन सांगायला लागले, "हे तर बराबर आमच्यासारखंच हाय. जवारीच्या एका वाफ्याला खत घालायचं, शेजारच्याला बिलकुल न्हाई. पाणी तेच, बियाणं तेच. बिनखताचा वाफा नसला तर खतानं काय केलं ते कळणार कसं?"

मी म्हटलं, "मंग मी कोणता वाफा?"

ते करमाडपासून बदनापूरपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. त्याच्या आदल्याच हंगामात फार्मवरचा एक गडी बिनखताचा वाफा पिवळा पडलेला बघवेना म्हणून मूठभर युरिया घेऊन निघाला होता. ह्यांनी त्याचा हात धरला होता आणि घरी येऊन माझ्यापुढं त्याला भरपूर नावं ठेवली होती. एका मुठीनं चार वर्षांचं काम मातीत जातं, म्हणाले होते.

दर पंधरा दिवसांनी मी औरंगाबादला जाऊ लागले. शाळेतून अर्धी रजा, गाडी, मग बाकावर दोन तास. बाई एक छापील कागद काढायच्या आणि प्रश्न विचारायच्या. झोप कशी? भूक? कामात मन लागतं का? उगाच अपराधी वाटतं का? जगणं नकोसं वाटतं का? प्रत्येकापुढं एक आकडा लिहायच्या. मी पटापट उत्तरं द्यायचे. तेव्हा ती खरीही होती.

पण चैन नव्हती. आजार नसलेल्या माणसानं आजाराची वाट बघत बसणं फार वाईट. सकाळी उठले की पहिलं घड्याळ. पाच वाजून गेले असले तर हायसं वाटायचं. भाकरीचा पहिला घास तोंडात धरून बघायची, चव आहे ना. भात थोडा उरला तर मीच स्वतःवर डोळे वटारायची, का टाकलास? तोंड कोरडं पडतंय का बघायची. पडलं तर गोळी खरी. पण वैशाखात सगळ्या गावाचंच तोंड कोरडं, कळणार काय? घरात एका जागी बसवत नव्हतं. चार वेळा अंगण झाडायची. उजी म्हणायची, आई, कचरा संपला ना आता.

आषाढात चारला जाग आली. मालगाडी गेली आणि मी डोळे उघडे ठेवून पडून राहिले. म्हटलं, गाडीनं उठवलं. दुसऱ्या दिवशी गाडी नव्हती तरी जाग आली. तिसऱ्या दिवशी पण. मग भाकरी.

त्या पंधरवड्यात बाईंनी विचारलं, "झोप?" मी म्हटलं, "चांगली." "भूक?" "बराबर आहे."

आता मला कुणी म्हणेल, शिकलेली बाई असून असं का केलं? ज्यांनी शाळा चालवली त्यांना विचारा. तपासणीस साहेब यायचे असले की आम्ही काय करतो? हजेरी भरून ठेवतो, जमीन सारवतो, हुशार पोरं पुढं बसवतो आणि जिथं छप्पर गळतं तिथं नकाशा टांगतो. साहेबांनी विचारलं, सगळं ठीक? की ठीक. तेरा वर्षं मी हेच करत आले होते. कुणी हातात कागद घेऊन प्रश्न विचारला की माझ्या तोंडून आपोआप "चांगलं" येतं. शिवाय खरं बोलले तर दवाखान्यात ठेवतील, आणि उजीची पेटी आष्टीला जाईल. म्हणून मी तिथं नकाशा टांगला.

मी बाईंना फसवलं, पण घरात एका माणसाला फसवता आलं नाही. ह्यांना दिसत होतं.

एका संध्याकाळी जेवणानंतर ह्यांनी माझ्यापुढं पेला ठेवला. गुळाचं दूध. लग्नाला सात वर्षं झाली होती, ह्या माणसानं कधी स्वतःच्या चहाचा कप उचलून ठेवला नव्हता. मी म्हटलं, "आज काय सूर्य कुणीकडं उगवला?" ते म्हणाले, "पी. अंग भरंल." मी प्यायले. जीभ थोडी बधिर झाली आणि मागं कडसर चव राहिली. "गूळ जुना हाय," ते म्हणाले.

मग रोज दूध. कधी ते उशिरा यायचे, मग त्या दिवशी नाही. सासूबाई कौतुकानं शेजारी सांगायच्या. मी पण मनातून सुखावले होते, खोटं कशाला बोलू. आणि अर्धा श्रावण झाला तशी माझी झोप परत आली. साडेपाचपर्यंत. भाकरीला चव आली. मला वाटलं, मी जिंकले. गोळी खरी असो की कोरी, ह्या वेळी मी आजाराला उंबऱ्यावरूनच हाकललं.

बाईंना त्या फेरीला मी सहज सांगितलं, "तोंड फार कोरडं पडून राह्यलं." त्यांनी पेन थांबवलं. "आत्ता? हा त्रास गोळी चालू झाली की पहिल्याच आठवड्यात होतो. पाचव्या महिन्यात नव्यानं कसा?" मग विचारलं, "दुसरं काही औषध घेता?" मी म्हटलं, बिलकुल न्हाई. शेजारी बसून हे पिशवीची गाठ सोडत होते आणि परत बांधत होते. बाईंनी त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या.

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात मी वर्गात फळ्यापुढं खाली बसून खडू उचलला, उभी राहिले आणि पडले. कपाळ फुटलं. पोरं रडायला लागली. मुख्याध्यापकांनी बैलगाडीतून घरी आणलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही औरंगाबादला.

बाईंनी झोपवून बीपी घेतलं, मग उभं करून घेतलं. उभ्यानं ते बरंच खाली जात होतं. "पोस्चरल हायपोटेन्शन," त्या म्हणाल्या. "म्हणजे उठल्यावर रक्ताचा दाब एकदम पडतो. ह्या गोळ्यांनी होतं. पण तुमच्या बाटलीत खरी गोळी असली तरी इतकं व्हायला नको. जास्तीची गोळी पोटात जातेय." मग त्यांनी माझ्याकडं नाही, ह्यांच्याकडं बघितलं.

"मीच देऊन राह्यलो," हे म्हणाले. "दुधातून. कुटून."

मला आधी समजलंच नाही काय म्हणतायत.

"मागच्या वेळची चिठ्ठी होती. जालन्याच्या दुकानातून गोळ्या आणल्या. रोजचा हिशोब बराबर ठेवला होता, पण फार्मवर काम निघालं की दोन-दोन दिवस चुकायचं. मंग राहिलेल्या एकदम घालायचो."

"एकदम किती?"

"कधी तीन."

बाईंनी डोळे मिटले आणि उघडले. "ह्यानं हृदयाचे ठोके बिघडतात. जीव गेला असता त्यांचा."

"मला काय ठाव बाई," ते म्हणाले. "रोज पहाटे ही उघड्या डोळ्यांनी पडलेली दिसायची. वाफा पिवळा पडून राह्यला होता आन् मी निसता बांधावर उभा. मी त्या गड्याला किती बोललो होतो. माझ्यानं न्हाई बघवलं."

मला संताप आला. खरं सांगते, त्या क्षणी दया वगैरे काही आली नाही. मी म्हटलं, "मला विचारलं का न्हाई?"

"तू न्हाई म्हणली असती."

"म्हणलेच असते. मी काय गाय आहे का, पेंडीत औषध घालून चारायला?" बाहेरच्या बाकावरचे लोक आत बघायला लागले. "मला वाटलं तुमचा जीव लागलाय म्हणून दूध देताय. मी त्या दुधावर महिनाभर फुशारले."

ते माझ्या कपाळावरच्या पट्टीतून सुटलेला दोरा बघत राहिले.

बाई उठून गेल्या आणि मोठ्या डॉक्टरांकडून पाकीट घेऊन आल्या. आमच्यासमोर फोडलं. कोरी. चैत्रापासून मी कोरी गोळी घेत होते. म्हणजे आषाढात आजार खरंच आला होता, आणि त्याला मी हाकललं नव्हतं. चोरून दिलेल्या दुधानं हाकललं होतं, आणि त्याच दुधानं मला फळ्यापुढं पाडलं होतं. माझी फुशारकी गेली ती गेलीच.

बाईंनी माझे सगळे कागद काढले आणि पहिल्या पानावर आडवी रेघ मारली.

"हे काय?" मी विचारलं.

"हे आता मोजता येणार नाहीत."

"त्यांनी चूक केली, मी तर दर वेळी बराबर सांगितलं."

बाईंनी आषाढातलं पान काढून माझ्यापुढं धरलं. झोप, चांगली. भूक, चांगली. "वाफा पिवळा पडताना तुमच्या मिस्टरांना दिसत होता," त्या म्हणाल्या. "माझ्या कागदात का दिसला नाही?"

मी तेरा वर्षं पोरांना पकडत आले आहे. पकडलेलं पोर कसं उभं राहतं ते मला माहीत आहे. मी तशीच उभी राहिले आणि सांगितलं, की झोप जून संपल्यापासून गेली होती, आणि मी लपवलं.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "दोघांतल्या एकानं जरी मला सांगितलं असतं, तरी त्याच दिवशी औषध चालू झालं असतं. नीट मोजून. अट तीच होती." मग नवी चिठ्ठी लिहायला घेतली. आधी चार दिवस काहीच नाही, मग थोडी, मग हळूहळू वाढवत. गोळ्या ज्याच्या त्यानं हातात घेऊन गिळायच्या.

मी विचारलं, "किती दिवस घ्यायच्या?"

त्यांचं पेन थांबलं. "ते कळावं म्हणूनच तर हे सगळं चाललं होतं, बाई."

त्यानंतर त्यांनी खणातून एक नवा छापील कागद काढला. वर माझं नाव लिहिलं, नंबर लिहिला नाही. "आता परत विचारते. ह्या वेळी खरं सांगा." ह्यांना म्हणाल्या, तुम्ही बाहेर बसा. मी म्हटलं, "राहू द्या. ऐकू द्या."

झोप? मी सांगितलं. कधीपासून, किती वाजता, छताकडं बघत काय काय विचार यायचे ते. भूक? सांगितली. कामात मन? सांगितलं, की आषाढात पाढे घेताना सातचा पाढा मध्येच विसरले आणि पोरांनी पुढं म्हटला. अपराधी वाटतं? वाटतं, उजीकडं बघितलं की. एकेक उत्तर द्यायला मला मिनिट मिनिट लागत होतं. बाई थांबत होत्या.

"जगणं नकोसं वाटलं का?"

मी ह्यांच्याकडं बघितलं नाही. "होय," मी म्हटलं. "दोनदा. आषाढात."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. हे माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. चारचौघांत ह्यांनी कधी माझा हात धरला नव्हता. तेव्हाही धरला नाही, पण माझ्या पदराचं टोक खुर्चीच्या पायात अडकलं होतं ते सोडवून माझ्या मांडीवर ठेवलं, आणि हात तिथंच राहू दिला.

ह्याला आता चार वर्षं झाली. मी गोळी घेते, स्वतःच्या हातानं. त्यानंतर पुरता आजार आला नाही. दोनदा चाहूल लागली, दोन्ही वेळा मी त्याच आठवड्यात गाडी पकडून दवाखान्यात गेले. उजी इथंच शिकते आणि माझ्याहून मोठ्या आवाजात भांडते. मिस्टरांशी मी त्या वेळी तीन महिने नीट बोलले नाही. नंतर बोलले. आपलं माणूस बुडताना दिसलं की हात काय करतील ह्याचा नेम नाही, एवढं मला पटलं आहे. पण तरी सांगते, आपल्या माणसाच्या पोटात काही घालायचं असेल तर त्याला सांगून घाला. आणि तुम्ही स्वतः आजारी असाल, तर डॉक्टर तपासणीस नसतो. त्याला गळकं छप्पर दाखवायलाच आपण गेलेलो असतो. मनात नको ते आलं तर तेही त्याच दिवशी सांगा, घरात सांगा, दवाखान्यात सांगा. सांगितल्यावर आभाळ कोसळत नाही. मी सांगून बघितलं आहे.

बाईंची पुढं बदली झाली. त्यांच्या अभ्यासाचं काय निघालं मला माहीत नाही. काही चांगलं निघालं असेल तर त्यात माझी पानं नाहीत, ह्याचं मला अजून वाईट वाटतं. त्या दिवशी बाहेर बाकावर कितीतरी लोक ताटकळत होते, आणि माझा तो शेवटचा कागद कुठल्याही मोजणीत जाणार नव्हता. तरी बाईंनी एकही प्रश्न न गाळता तो शेवटपर्यंत भरला.